खिडकीकडे पाठ: उन्हाने उठणाऱ्या खाजेचं एक प्रकरण

जानेवारी २०२२. संक्रांतीनंतरचा आठवडा, हुरड्याचे दिवस. सोलापूरला थंडी म्हणावी अशी थंडी वर्षातून मोजके दिवस असते, आणि सकाळी दहाच्या उन्हात बसायला कुणालाही बरं वाटतं. माझ्या टेबलासमोरची खुर्ची नेमकी खिडकीच्या उन्हात येते. आप्पा आत आले, त्यांनी ती खुर्ची ओढून भिंतीच्या सावलीत नेली आणि खिडकीकडे पाठ करून बसले. डोक्यावरून घेतलेला टॉवेल काढला नाही.

"काच लावलीय खरं मॅडम, पण काचेतनंबी लागतंय."

हे वाक्य मी केसपेपरवर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. उन्हातल्या अतिनील किरणांत आपल्या कामाचे दोन प्रकार आहेत, ए आणि बी. उन्हाने कातडी भाजते ती मुख्यतः बीमुळे, आणि साध्या खिडकीची काच बी किरण जवळजवळ सगळे अडवते. ए किरण मात्र काचेतून बरेचसे आत येतात. काचेमागे बसूनही ज्याची कातडी पेटते त्याला ए किरणही सोसत नाहीत, एवढी माहिती आप्पांनी तपासण्याआधीच दिली होती. माझ्या ती वीस मिनिटांनी ध्यानात आली.

हे प्रकरण त्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि गाव सांगत नाही. "आप्पा" म्हणायला हरकत नाही, आपल्याकडे वाडीवस्तीवर एक तरी आप्पा असतोच.

वय ५७. सीनेच्या काठचं मोहोळ तालुक्यातलं गाव, साडेचार एकर रान, ज्वारी, तूर, थोडा कांदा, दोन म्हशी. मुलगा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. खाज सुरू झाली २०१८ च्या पावसाळ्यात, मानेच्या मागच्या बाजूला. पहिल्या वर्षी सगळ्यांनी पित्त म्हणून सोडून दिलं, आणि दिवाळीनंतर ती खरंच बसली. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये परत आली, या वेळी हातांवर आणि कपाळावर. कुणी गजकर्ण म्हणालं, कुणी इसब. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळी झाल्या, कोरफड चोळून झाली. तिसऱ्या वर्षी दिवाळी झाली, थंडी पडली, तरी खाज हलली नाही. चौथ्या वर्षी ती बाराही महिने होती आणि आप्पांनी लग्नकार्याला जाणं सोडलं होतं. मांडवात बसलं की लोक तोंडाकडं बघतात, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या बायकोने सांगितलं, तेही ते बाहेर गेल्यावर.

मुलाने एक कॅरीबॅग टेबलावर रिकामी केली. अकरा ट्यूब निघाल्या. त्यातल्या सात कडक स्टिरॉइडच्या, काहींत स्टिरॉइडबरोबर बुरशीचं आणि जंतूंचं औषधही एकत्र कालवलेलं. अशी मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम २०१८ मध्ये कडक झाला, तरी मेडिकलमध्ये "खाजेचं मलम द्या" म्हटलं की हीच हातात पडतात. याशिवाय दर दीड महिन्याला कुठूनतरी एक सुई. सुई घेतली की वीस-पंचवीस दिवस सुखाचे, मग आधीपेक्षा जोराने उठाव. स्टिरॉइडने दंडाच्या आतली कातडी कागदासारखी पातळ झाली होती, गाल फुगले होते, उपाशीपोटीची साखर १३८.

मी त्यांना टॉवेल काढायला सांगितला.

कपाळ, नाक, गाल, कानांच्या पाळ्या, मानेचा मागचा भाग, सदऱ्याच्या गळ्यातून उघडी राहणारी छाती, हातांची वरची बाजू. इथली कातडी काळवंडून जाड झाली होती, चपलेच्या जुन्या चामड्यासारखी, आणि तिच्यावर खोल घड्या. मनगटावर घड्याळाखालची पट्टी साफ, कोवळी. सदऱ्याखालची पाठ साफ. इतकं बघितलं की कुणीही उन्हाचा आजार म्हणेल. पण पापण्याही सुजल्या होत्या. हनुवटीखाली, जिथे ऊन सहसा पोहोचत नाही, तिथेही चट्टा होता. कानामागच्या खाचेत होता, आणि कोपराच्या आतल्या घडीत थोडासा. उन्हाचा आजार या जागा सोडतो. हवेतून उडून अंगावर बसणाऱ्या गोष्टीची अॅलर्जी त्याच जागा धरते, कारण धूळ सावली बघत नाही. आप्पांच्या अंगावर दोन्ही नकाशे एकावर एक काढलेले होते.

अशा रुग्णात चार-पाच शक्यता तपासाव्या लागतात, आणि हे काम कंटाळवाणं असलं तरी टाळता येत नाही. रक्तदाबासाठी ते जी गोळी घेत होते तिच्यात हायड्रोक्लोरोथायझाइड होतं. लघवी वाढवणारं हे औषध उन्हाची अॅलर्जी घडवू शकतं. आधीच्या कुणी त्या गोळीकडे बघितलं नव्हतं, कारण ती बीपीची आणि हा आजार कातडीचा. गोळी बदलून अॅम्लोडिपीन दिली. तीन महिन्यांत खाजेत काडीचा फरक पडला नाही, म्हणजे मूळ कारण ते नव्हतं. ल्युपससाठी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजारासाठी, रक्त तपासलं, निगेटिव्ह आलं. मानेवरच्या जाड कातडीचा तुकडा तपासायला पाठवला. हा आजार जुना झाला की सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी कातडीच्या एका कर्करोगासारखा दिसतो, त्यामुळे तो नाही याची खात्री हवी होती. रिपोर्ट जुनाट इसबाचा आला. मला सुटल्यासारखं वाटलं.

उन्हाची चाचणी मोठ्या केंद्रांत खास यंत्रावर होते. आमच्याकडे कोडासाठी वापरायचं बी किरणांचं कपाट आहे, त्यावर कामचलाऊ चाचणी करता येते. ढुंगणावरच्या झाकलेल्या कातडीला सहा छोट्या खिडक्या ठेवून प्रत्येकीला वाढती मात्रा द्यायची आणि दुसऱ्या दिवशी कुठली लाल झाली ते बघायचं. ज्या मात्रेत आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या कातडीला काही होत नाही, त्या सगळ्यात खालच्या मात्रेलाच आप्पांची कातडी लाल झाली. नुसती लाल नाही, चौथ्या दिवशी तिथे खाजरे फोड आले. जिथे आयुष्यात कधी ऊन लागलं नाही अशा जागी, फक्त किरणांनी, तोच आजार तयार झाला.

पॅच टेस्टसाठी, म्हणजे संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून अॅलर्जी शोधायच्या चाचणीसाठी, फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत थांबले. सुईचा असर उतरायला हवा होता, आणि मार्च मध्यावर आला की सोलापुरात पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या घामाने दोन दिवस टिकत नाहीत. पट्ट्या अठ्ठेचाळीस तासांनी काढल्या आणि चौथ्या दिवशी परत बघितल्या. अत्तराच्या मिश्रणाला थोडी प्रतिक्रिया. गाजरगवताच्या चौकटीत पाण्याने भरलेले फोड.

निदान झालं: क्रॉनिक अॅक्टिनिक डर्माटायटिस, म्हणजे उन्हाने पेटणारा जुनाट त्वचादाह, आणि त्याच्या मुळाशी गाजरगवताची अॅलर्जी.

इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे झालं. पुढे चूक झाली, आणि ती माझी.

आप्पांनी विचारलं, "किती दिसांत बरं हुईल?" दुपारचे अडीच वाजले होते, बाहेर बारा-पंधरा माणसं बसली होती. मी म्हणाले, "सहा महिने गोळ्या घ्या." आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात तेच लिहिलं, "६ महिने". माझ्या मनात होतं की सहा महिन्यांनी पुन्हा बघू. कागदावर ते नव्हतं.

अॅझाथायोप्रिन सुरू केलं. रोज ५० मिलिग्रॅम, रक्तपेशी ठीक आहेत असं बघून महिन्याभराने १००. प्रतिकारशक्तीला आवर घालणारं हे जुनं, तुलनेने स्वस्त औषध आहे, आणि गाजरगवताच्या त्वचादाहावर भारतातल्या त्वचातज्ज्ञांनी ते खूप वापरलं आहे. ते हळू चढतं, सहा-आठ आठवडे फरक दिसत नाही. आशियाई लोकांपैकी काहींच्या शरीरात ते नीट मोडलं जात नाही आणि पांढऱ्या पेशी एकदम घसरतात, म्हणून सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी रक्त तपासल्याशिवाय ते देऊ नये. आप्पांनी प्रत्येक तपासणी केली. ऑगस्टपर्यंत तोंडावरची सूज गेली, मानेची घडी मऊ झाली, रात्री झोप लागू लागली. सप्टेंबरात सहा महिने भरले. आप्पांनी गोळ्या बंद केल्या.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ज्वारीच्या काढणीला ते रानात उतरले. आमच्या भागात शाळू मुळासकट उपटतात, माणूस दिवसभर वाकलेला, धाटं छातीला घासत. अकराव्या दिवशी मुलाने त्यांना रिक्षातून आणलं. डोक्यापासून पायापर्यंत अंग लालबुंद, कातडीचे पापुद्रे सुटलेले, पाय सुजलेले, आणि बाहेर पारा छत्तिशीत असताना ते कुडकुडत होते. सगळ्या अंगाची कातडी अशी पेटली की शरीराला उष्णता धरून ठेवता येत नाही, पाणी आणि प्रथिनं कातडीवाटे जातात. साठीकडे झुकलेल्या माणसाला हे जिवावर बेतू शकतं. नऊ दिवस ते दवाखान्यात दाखल होते.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "आप्पा, गोळ्या का सोडल्या?" आवाजात थोडा राग असावा. त्यांनी उशीखालून प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली माझीच चिठ्ठी काढली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"तुम्हीच लिवलंय की."

त्यानंतर मी चिठ्ठीवर मुदत लिहिताना थांबते. उन्हाने उठणाऱ्या सगळ्या खाजा सारख्या नसतात, आणि किती काळ राहणार हे त्यातली कुठली आहे यावर ठरतं. हे रुग्णाला पहिल्याच भेटीत कळायला हवं, कारण गोळी कधी सोडायची हे तो त्यावरून ठरवतो.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार वेगळाच आहे. मार्चचं ऊन सुरू झालं की तरुण मुलींच्या, बायकांच्या हातांवर, मानेवर रव्यासारखे बारीक खाजरे दाणे येतात, ऊन टाळलं तर आठ-दहा दिवसांत बसतात, आणि उन्हाळा मुरला की कातडी सरावते. पॉलिमॉर्फस लाइट इरप्शन असं त्याचं लांबलचक नाव. तो वर्षानुवर्षं परत येतो, पण हळूहळू निवळतो. फिनलंडमध्ये अशा ९४ रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला तेव्हा सुमारे २४ टक्क्यांचा आजार पूर्ण गेला होता आणि निम्म्या लोकांचा सौम्य झाला होता. अशा मुलीला "काळजी करू नको" म्हणणं खरं असतं.

आप्पांचा आजार त्या जातीचा नाही. तो बहुधा पन्नाशीच्या पुढच्या, उघड्यावर काम करणाऱ्या पुरुषांना धरतो, ऊन सरावाचं होत नाही, आणि आठ दिवसांत बसण्याऐवजी मुक्काम करतो. त्याच्या भविष्याबद्दलचा मला सर्वांत उपयोगी वाटणारा अभ्यास स्कॉटलंडमधल्या डंडीचा, २००० साली छापलेला. १७८ रुग्ण. उन्हाची ही असह्यता पूर्ण जाण्याची शक्यता निदानापासून ५ वर्षांनी १० टक्के, १० वर्षांनी २० टक्के, १५ वर्षांनी ५० टक्के. बी किरणांची असह्यता तीव्र असेल आणि सोबत वेगवेगळ्या गटांतल्या पदार्थांची अॅलर्जी असेल तर आशा कमी. पहिली गोष्ट आप्पांना लागू होती. दुसरी अर्धवट.

हे आकडे जसेच्या तसे सोलापूरला लावता येत नाहीत. त्यांचं ऊन आणि आपलं ऊन एक नाही. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. आणि तिकडच्या रानांत गाजरगवत नाही. पण बहुतेक माणसं यातून सुटतात ती वर्षांनी, महिन्यांनी नाही, आणि पंधरा वर्षांत निम्मी सुटतात, एवढं त्यातून कळतं.

सातव्या दिवशी, आप्पा उठून बसू लागल्यावर, त्यांना, त्यांच्या बायकोला आणि मुलाला एकत्र बसवून मी हे सगळं सांगितलं. टक्के सांगितले नाहीत. म्हणाले, "तुमच्यासारखी दहा माणसं असतील तर पाच वर्षांनी एक मोकळा होतो, दहा वर्षांनी दोन, पंधरा वर्षांनी पाच. जे मोकळे होत नाहीत त्यांचाही आजार औषधाने दाबात राहतो. हा कर्करोग नाही, कुष्ठरोग नाही, कुणाला लागत नाही. आणि मी सहा महिने लिहिलं ते चुकीचं लिहिलं होतं."

आप्पा बराच वेळ बोटांवर मोजत राहिले. "म्हंजे बहात्तरी." मग म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर काढणीला गडी लावला असता."

मी या वाक्यावर बरेच दिवस विचार केला. आकडा ऐकून माणूस खचेल म्हणून आपण तो लपवतो. हा माणूस आकडा ऐकून मजुरीचा हिशेब करत होता.

त्याच बैठकीत काकूंनी एक गोष्ट सांगितली जी वर्षभरात माझ्या कागदात आली नव्हती. "कुट्टीचं मशीन चाललं की दुसऱ्या दिवशी ह्यांचे डोळे सुजतात. मशीन आल्यापास्नं बघतेय मी." कडब्याची गंज घराला लागून, पश्चिमेच्या अंगाला. कडब्याच्या पेंढीत बांधावरचं वाळलेलं गाजरगवत गुंतून येतं, आणि कुट्टी करताना त्याचा भुगा घरभर उडतो. मी पावसाळ्यातल्या हिरव्या, फुललेल्या गवताबद्दल विचारत राहिले होते. आप्पांचं गवत वाळलेलं होतं आणि बारा महिने घरात येत होतं. दिवाळीनंतर खाज बसायची थांबली ती तिसऱ्या वर्षी, आणि कुट्टीचं मशीन घेतलं होतं त्याच वर्षी. काकूंना कुणी विचारलंच नव्हतं.

गाजरगवत आपलं नव्हे. ते अमेरिकेच्या उष्ण भागातलं. भारतात त्याची ठळक नोंद १९५५ ची, पुण्यातली. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं सांगतात, आणि पांढऱ्या टोप्यांसारख्या फुलांमुळे लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटलं. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं, उगवल्यापासून महिन्याभरात फुलतं, आणि थोडा ओलावा मिळाला की वर्षात कितीही वेळा उगवतं. कालव्याच्या कडा, रेल्वेचे रूळ, पडक्या जागा, गावठाण, कुठेही. त्याच्या पानांवरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. तेच अॅलर्जीचं मूळ, आणि झाड वाळलं तरी ते टिकतं. शेवंती आणि सूर्यफूल त्याच्याच कुळातली, त्यामुळे देवळातल्या हारातूनही थोडं लागू शकतं. १९८४ मध्ये मेक्सिकोतला एक भुंगेरा मुद्दाम आणून बेंगळुरूजवळ सोडला, तो पावसाळ्यात याची पानं खातो. आमच्या भागात तो दिसतो, पण पाऊस ओसरला की तोही गायब होतो, आणि सोलापूरचा पाऊस किती ते सगळ्यांना ठाऊक आहे.

गवत आणि ऊन यांचं नातं नेमकं कसं जुळतं याबद्दल मत असं आहे: अॅलर्जीने सतत चेतवलेल्या कातडीत सूर्यकिरण कातडीतल्याच एखाद्या घटकाचं रूप बदलतात, आणि शरीर त्यालाही परका समजू लागतं. म्हणजे सुरुवात गवताची, पण पुढे ऊन एकटंही पुरेसं ठरतं. म्हणूनच गवत काढलं की लगेच आजार जात नाही. आणि म्हणूनच गवत काढल्याशिवाय तो जाण्याची वाटही बघता येत नाही.

व्यवस्था बदलायला दोन-तीन महिने लागले. गंज घरापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला नेली. कुट्टीच्या दिवशी आप्पा थोरल्या बहिणीच्या घरी जातात आणि अंगण पाणी मारून झाडल्यावर परत येतात. कपडे कुंपणावर वाळत घालणं बंद, कारण दिवसभर कुंपणावर फडफडणारा सदरा गवताची धूळ गोळा करतो आणि ती मग गळ्याला घासते. आता ओसरीत दोरी आहे. गवत मुलगा आणि त्याचे दोन मित्र उपटतात, पाऊस पडल्यावर, फुलं यायच्या आत, हातमोजे घालून, हातांवर प्लास्टिक गुंडाळून. आप्पांनी त्याला हात लावायचा नाही. वाळलेलं गवत घराजवळ पेटवायचं नाही. पहिल्या वर्षी फक्त स्वतःचा बांध साफ झाला आणि शेजारच्या पडीक जागेतून बी उडून आलं. दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यानेही मनावर घेतलं.

टोपीवर मी जास्त वेळ घालवला. आप्पा पांढरी गांधी टोपी घालतात, तिला कड नाही. ती टाळूला सावली देते, नाकाला, कानाला, मानेला नाही. मोठ्या कडेची टोपी त्यांना "पोरांची" वाटली. शेवटी तोडगा मुलाने काढला. कारखान्यातला घट्ट विणीचा, गडद रंगाचा सोलापुरी टॉवेल टोपीवरून पुढे कपाळाच्या बाहेर काढून बांधायचा आणि मागून मानेवर सोडायचा. घट्ट वीण आणि गडद रंग महत्त्वाचे आहेत. पातळ पांढऱ्या पंचातून बऱ्यापैकी ऊन आत जातं, आणि घामाने भिजला तर आणखी जातं. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बंद गळा.

सनस्क्रीन लावायचं तितकं लावलं तर एक ट्यूब दहा-पंधरा दिवसांत संपते, आणि शेतकऱ्याच्या घरात त्यासाठी दरमहा हजार-बाराशे निघत नाहीत. मी फक्त चेहरा, कान आणि हातांच्या वरच्या बाजूपुरतं, झिंक ऑक्साइडचं, बिनवासाचं दिलं. वासाचं चालणार नाही, अत्तराची प्रतिक्रिया होती. ते लावलं म्हणून दुपारी रानात जाता येतं असं नाही, हे वेगळं सांगावं लागतं. ऊन बंद म्हणजे ड जीवनसत्त्वही बंद, त्यांचं ते खूप खाली होतं, आठवडी पुड्या दिल्या. एसटीने येताना कुठल्या बाजूला बसायचं हे त्यांनी स्वतः शोधलं. सकाळी मोहोळहून सोलापूरला येताना गाडी पूर्वेकडे येते, ऊन समोरून, म्हणून मागची बाकं, आणि हिवाळ्यात उजव्या अंगाला नको.

कामाचे तास उलटले. धारा पहाटे, बाकी काम सूर्य कलल्यावर. शेतीची वीज आमच्याकडे आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते आणि सगळा गाव तिच्या नावाने बोटं मोडतो. आप्पांना ती सोयीची पडली. बॅटरी आणि गमबूट घालून ते रात्री दारं धरतात. साप-विंचवाची भीती काकूंना आहे, मलाही आहे, पण दुपारच्या उन्हापेक्षा त्यांनी ही भीती निवडली. ज्वारीच्या काढणीला गडी लागतो. त्याची मजुरी त्यांनी आजाराचा खर्च म्हणून वहीत वेगळी मांडली आहे.

औषध परत सुरू झालं. स्टिरॉइडची गोळी आठ आठवड्यांत उतरवत बंद केली, अॅझाथायोप्रिन चालू राहिलं. चेहऱ्यावर टॅक्रोलिमसचं, म्हणजे स्टिरॉइड नसलेलं मलम, कारण तिथली कातडी आता आणखी स्टिरॉइड सोसणार नव्हती. दर तीन महिन्यांनी रक्त. गावातल्या कुणीही युरिक अॅसिडची गोळी दिली तर आधी मला फोन करायचा, हे मुलाच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवलं आहे. अॅलोप्युरिनॉल आणि अॅझाथायोप्रिन एकत्र पोटात गेले तर रक्तपेशी धोकादायक घसरतात.

२०२४ मध्ये दोन उठाव झाले. एक जुलैत, दुसरा कुणाच्यातरी मयतीला भर दुपारी स्मशानात दोन तास उभं राहिल्यावर. दोन्ही आठवड्याभरात आवरले, सुईची गरज पडली नाही. २०२५ मध्ये पावसाळ्यात एक. साखर खाली आली आहे. पापण्या आणि हनुवटीखालची जागा, म्हणजे हवेतल्या धुळीचा नकाशा, जवळजवळ पुसला गेला. मानेवरचा, उन्हाचा नकाशा अजून आहे, फिकट. गवताचा वाटा आवरता येतो, उन्हाचा वाटा आपल्या वेळेने जातो, हे त्यांच्या अंगावर वाचता येतं.

गेल्या जानेवारीत कपाटावरची चाचणी परत केली. सगळ्यात खालच्या मात्रेला या वेळी काही झालं नाही, दुसरीला झालं. सहा खिडक्यांपैकी एक खिडकी, चार वर्षांत. मी ते आप्पांना दाखवलं आणि फार मोठं करून सांगितलं नाही. दहातल्या एकात त्यांचा नंबर पाच वर्षांत लागेल असं मला वाटत नाही, आणि तेही सांगितलं.

त्यांनी वही काढली. तिच्यात उठावांच्या तारखा, पावसाच्या तारखा, कुट्टीच्या तारखा आहेत, काकूंच्या अक्षरात. त्यावरून दिसतं की तिन्ही वर्षं जून ते सप्टेंबर हाच अवघड काळ. गोळी सध्या ५० वर आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात रक्त बघून ती चार महिन्यांसाठी १०० वर न्यायची आणि दसऱ्यानंतर परत उतरवायची, असं आम्ही ठरवलं. मुलाने पहिल्या पावसानंतरचे तीन रविवार गवतासाठी राखून ठेवले आहेत. चिठ्ठीच्या कोपऱ्यात मुदतीच्या जागी मी आता "वर्ष ४ थं" असं लिहिते.